पाठ केलेले स्वमत



दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा एक प्रश्न असतो. उतारा किंवा कविता दिलेली असते आणि तिच्यातील एखाद्या विचाराविषयी विद्यार्थ्याने आपले मत आपल्या शब्दांत लिहायचे असते. प्रश्न मोठ्या चांगल्या हेतूने आला आहे. आता बाजारातली गाईडे उघडून पाहा. पाठाखाली ‘स्वमत’ असा मथळा असतो आणि त्याखाली सहा-सात ओळींचे तयार उत्तर छापलेले असते. मुले ते पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि त्यांना गुण मिळतात. यात कॉपी नाही, पेपरफुटी नाही, कुठलाही नियम मोडलेला नाही. तरीही एका मुलाने दुसऱ्याचे मत पाठ करून त्याच्या सुरुवातीला ‘माझ्या मते’ असे लिहिलेले असते.

शिक्षकाने अभ्यासक्रम शिकवावा की परीक्षा शिकवावी, हा शिक्षणतज्ज्ञांचा वाद आहे असे आपण समजतो. खरे तर तो आपल्या घरात रोज चाललेला असतो. तो केवळ शिकवण्याच्या पद्धतीचा वादही नाही. त्यात खरे-खोटे आहे आणि न्याय-अन्याय आहे. म्हणून या रविवारी आपण त्याचा थोडा विचार करू या.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. मुलाला काय यायला हवे याचा आराखडा म्हणजे अभ्यासक्रम. मराठीच्या अभ्यासक्रमात श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही चारही कौशल्ये येतात. मुलाने ऐकलेले समजून घ्यावे, चारचौघांत बोलावे, अनोळखी मजकूर वाचून त्याचा अर्थ लावावा आणि मनातले कागदावर उतरवावे, अशी अपेक्षा असते. पण हे सगळे तीन तासांत विचारता येत नाही. म्हणून त्यातले थोडे विचारायचे आणि त्यावरून बाकीच्याचा अंदाज बांधायचा, याला आपण परीक्षा म्हणतो. परीक्षा हा नमुना आहे.

नमुना म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या कास्तकाराला समजावून सांगायला नको. कापसाची गाडी बाजारात लागली की व्यापारी त्यातून मूठभर कापूस काढतो, धागा ओढून पाहतो, ओलावा तपासतो आणि साऱ्या गाडीचा भाव सांगतो. मूठभर कापूस साऱ्या गाडीची साक्ष देतो, असा विश्वास त्यामागे असतो. आता कोणी वर पांढराशुभ्र कापूस रचला आणि खाली कवडी भरली, तर काय होईल? हातात आलेला कापूस खराच असेल. पण त्याने गाडीविषयी दिलेली साक्ष खोटी ठरेल.

केवळ परीक्षेपुरते शिकवणे म्हणजे हेच. जे विचारले जाणार आहे तेवढे घासूनपुसून वर ठेवायचे आणि बाकीचे तसेच सोडायचे. फरक इतकाच की कापसाच्या व्यवहारात व्यापारी फसतो. इथे ज्याची परीक्षा आहे तोच मुलगा पुढे ती गाडी आयुष्यभर ओढणार असतो. पहिला फसतो तो तोच.

यावर कोणी म्हणेल, परीक्षाच चांगली केली तर प्रश्न मिटेल. आपल्या राज्याने तसा प्रयत्न केला आहे. २०१८-१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला. भाषा विषयांना प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. पाठांतराऐवजी आकलन तपासावे, मुलांना विचार करायला लावावे, हा तिचा उद्देश होता. त्याच वर्षी भाषा विषयांची २० गुणांची तोंडी परीक्षा बंद करून पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्यात आली. शाळा तोंडीचे गुण सढळ हाताने देतात, अशी तक्रार होती आणि ती बिनबुडाची नव्हती.

मग काय झाले? २०१८ मध्ये दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. मोठी ओरड झाली. इतर मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले अकरावीच्या प्रवेशात मागे पडतील, अशी भीती पालकांना वाटली. पुढच्याच वर्षी २० गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपरही होऊ शकला नव्हता. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला आणि तो ९९.९५ टक्के आला.

सलग तीन वर्षांचे हे आकडे शेजारी ठेवून पाहा. नवा अभ्यासक्रम, नवी पद्धत, महामारी अशी कारणे त्यामागे आहेत, हे मान्य. पण राज्यातली मुले दोन वर्षांत इतकी हुशार झाली, असे कोणीही म्हणणार नाही. बदलले होते ते मोजमाप. दुसरीकडे, ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी घ्या. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या सुमारे निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येतो. ही मुले आणि दहावीला बसलेली मुले वेगळी आहेत, पाहणी देशाची आहे आणि निकाल राज्याचा, हे खरे. पण निकालाचा आकडा आणि मुलाला येणारी गोष्ट या दोहोंत किती अंतर पडू शकते, याची कल्पना त्यावरून येते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तोंडीचे २० गुण हे श्रवण आणि भाषण या कौशल्यांसाठी होते. ते ठेवले तर खिरापतीसारखे वाटले गेले. ते काढले तेव्हा बोलणे आणि ऐकणे हेच परीक्षेतून निघून गेले, आणि जे परीक्षेत नाही ते हळूहळू वर्गातूनही जाते. दोन्ही वाटांनी नुकसान मुलाचेच झाले. म्हणजे दोष केवळ परीक्षेच्या नियमांत नाही. नियम पाळणाऱ्यांना काय हवे आहे, यात तो आहे.

हे फक्त मुलांचेच आहे असे नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याबरोबर आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. मुलाला केवळ गुणांनी न तोलता शिक्षकाने त्याचे निरीक्षण करावे आणि त्याच्याविषयी वर्णनात्मक नोंद लिहावी, ही त्यामागची कल्पना. कल्पना फार सुंदर होती. पण लवकरच तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘स्वतःचे मत ठामपणे मांडतो’ अशी वाक्ये यादीतून उचलायची आणि हजेरीपटाच्या क्रमाने उतरवायची. मुलांचे स्वमत पाठ केलेले आणि शिक्षकांच्या नोंदी उतरवलेल्या! साठ-सत्तर मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामे, माहितीचे तक्ते आणि वरून येणारे आदेश यांत अडकलेल्या शिक्षकाला याबद्दल एकट्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल. पण जे घडले ते घडले.

म्हणून ‘परीक्षा वाईट आणि अभ्यासक्रम चांगला’ इतके सोपे उत्तर देता येत नाही. अभ्यासक्रमाची उद्दिष्टेसुद्धा यादी बनली की तिचीही परीक्षा होते. जुन्या शिक्षकांना ‘किमान अध्ययन क्षमता’ आठवत असतील. १९९१ च्या दवे समितीच्या अहवालानंतर त्या देशभर आल्या. मुलाला निदान इतके तरी आलेच पाहिजे, हा त्यामागचा विचार न्यायाचा होता. पण क्षमतांना क्रमांक पडले आणि कित्येक ठिकाणी क्रमांकापुढे खूण करणे हेच काम होऊन बसले. आज ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द आहे. उद्या दुसरा येईल. शब्द बदलल्याने मन बदलत नाही.

हा रोग आपल्याकडचाच आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली शाळांचे सरकारी अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षेवर अवलंबून ठेवण्यात आले. मग मुलांकडून वाचनाचे पुस्तकच पाठ करून घेतले जाऊ लागले. शाळा निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिले. अमेरिकेतील अटलांटा शहरात तर याहून दुःखद प्रकार घडला. शाळांचे आणि शिक्षकांचे भवितव्य चाचणीच्या आकड्यांवर ठरू लागले, तेव्हा शिक्षकांनीच मुलांची चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरली. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापक यांत गुंतल्याचे नमूद झाले. २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयात दोषी ठरवण्यात आले. हे सारे शिक्षकी पेशात वाईट हेतूने आले असतील, असे वाटत नाही. एका आकड्याच्या भीतीने ते हळूहळू तिथवर पोचले.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ती आपल्यासारख्यांची बाजू आहे.

भातकुली तालुका खारपाण पट्ट्यात येतो. जमिनीखालचे पाणी खारट, शेती पावसाच्या भरवशावर आणि कपाशी-तुरीच्या भावाचा नेम नाही. अशा घरातल्या मुलीजवळ ओळखीपाळखी नसतात, पैसा नसतो. तिच्याजवळ एकच कागद असतो, तो म्हणजे गुणपत्रिका. ‘गुणांना महत्त्व देऊ नका, ज्ञान मिळवा’ असा उपदेश तिला करणारा बहुधा स्वतः गुणांच्या शिडीने वर चढलेला असतो. नव्वदच्या दशकात राज्यभर गाजलेला ‘लातूर पॅटर्न’ आठवा. पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घेऊन मराठवाड्यातल्या साध्या घरांतील मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारे त्याने उघडून दिली. त्यावर टीका पुष्कळ झाली. पण ती दारे आधी त्या मुलांसाठी कोण उघडत होते? आज आपली मुले अमरावती-अकोल्याच्या शिकवणी वर्गांना जातात, तीही याच आशेने. उंच आदर्शांच्या नावाखाली जो शिक्षक आपल्या मुलांना परीक्षेची तयारीच करून देत नाही, तोही त्यांच्यावर अन्याय करतो. त्याच्या आदर्शाची किंमत मुलांना मोजावी लागते.

मग रेघ कुठे ओढायची?

मला वाटते, ती साक्षीच्या प्रश्नापाशी ओढावी. गुण म्हणजे मुलाविषयी जगाला दिलेली साक्ष आहे. या मुलीला गणित येते, या मुलाला वाचता-लिहिता येते, असे ती सांगते. पुढचे महाविद्यालय, नोकरी देणारा आणि स्वतः ते मूल त्या साक्षीवर विश्वास ठेवून चालतात. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा आपण सारे जाणतो. ती केवळ न्यायालयातल्या पिंजऱ्यापुरती नाही.

या कसोटीने पाहिले तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. कृतिपत्रिकेचा आराखडा समजावून सांगणे, वेळेचे नियोजन शिकवणे, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेणे, यात काहीच खोटे नाही. त्यामुळे मुलाला जे येते ते नीट दिसते. येणारी गोष्ट पक्की व्हावी म्हणून पुन्हा पुन्हा सराव घेणे, हेही योग्यच. पाढे, शुद्धलेखन आणि सूत्रे सरावाशिवाय येत नाहीत. पाठांतर हाही काही शत्रू नाही. मात्र जे येत नाही ते येते असे दिसावे, एवढ्यासाठी जे केले जाते, ते रेघेच्या पलीकडचे. स्वमत पाठ करून घेणे त्यात येते. ‘हा धडा ऑप्शनला टाका’ म्हणून सोडून देणे त्यात येते. भूमितीची सिद्धता न समजता अक्षरशः तोंडपाठ करून घेणे, प्रयोग न करताच प्रयोगवही पूर्ण करून घेणे, हेही त्यातच येते.

शिक्षकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: उद्या हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत, वेगळ्या ठिकाणी विचारली, तर माझ्या विद्यार्थ्याला सांगता येईल का? येत असेल तर त्याने परीक्षेसाठी कितीही तयारी करून घ्यावी. येत नसेल तर शंभरापैकी शंभर गुण मिळूनही त्याचे काम बाकी आहे.

ही वेगळ्या ठिकाणची परीक्षा आपल्या घरी रोज होत असते. सरळव्याजाची दहा उदाहरणे अचूक सोडवणाऱ्या मुलाला आईने विचारावे, “बचत गटातून दहा हजार रुपये घेतले, महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज आहे, तर दहा महिन्यांनी एकरकमी फेडताना किती द्यावे लागतील?” ‘मुद्दल’, ‘दर’ आणि ‘मुदत’ हे शब्द समोर छापलेले नसले की पुष्कळ मुले अडखळतात. दोन हजार रुपये व्याज होते, म्हणजे एकूण बारा हजार. आणि महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. हे त्याने सांगितले तर त्याला गणित आले. खताच्या पोत्यावरचा मजकूर, पीक विम्याचा अर्ज, दवाखान्यातली चिठ्ठी हे सारे न शिकवलेले उतारेच आहेत. ते वाचून घरच्यांना समजावता आले, तर त्याला भाषा आली.

प्रश्न कसा विचारावा, हे शिकायला दूर जायला नको. आपल्याच तालुक्यातील ऋणमोचनला पूर्णेच्या काठी गाडगेबाबांनी घाट बांधण्याचे काम केले. १८७६ मध्ये याच जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेले बाबा शाळेत गेलेले नव्हते. पण त्यांच्या कीर्तनाची रीत कोणती होती? ते समोरच्या माणसांना साधे साधे प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण का करता, जनावर का कापता, पोराला शाळेत का घालत नाही? या प्रश्नांचे उत्तर कुठल्या पोथीतून पाठ करून देता येत नव्हते. ते ज्याचे त्याला शोधावे लागे, आणि शोधता शोधता माणूस बदले. तो खरा स्वमताचा प्रश्न होता.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातही असाच एक प्रसंग आहे. नियमशास्त्राचा एक पंडित येशूची परीक्षा पाहायला येतो. येशू उलट त्यालाच विचारतो की शास्त्रात काय लिहिले आहे. पंडित देवावरील आणि शेजाऱ्यावरील प्रेमाचे उत्तर बिनचूक देतो. येशूही ते बरोबर असल्याचे सांगतो. आपल्या हिशेबाने त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पण लगेच तो विचारतो की माझा शेजारी कोण. म्हणजे उत्तर पाठ होते, त्यातला मुख्य शब्द मात्र कळलेला नव्हता. तेव्हा येशू त्याला व्याख्या सांगत नाही. शोमरोनी माणसाची गोष्ट सांगतो आणि शेवटी पुन्हा त्यालाच विचारतो की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला. आता उत्तर पाठांतरातून येणार नव्हते.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गालाही हे लागू पडते. प्रथम कम्युनियनच्या आधी मुले प्रश्नोत्तरे घडाघडा म्हणून दाखवतात, त्याचे कौतुक जरूर करावे. पण त्यापुढे एक प्रश्न अधिक विचारावा, ज्याचे उत्तर पुस्तिकेत नाही.

आणि घरी काय करता येईल? निकालाच्या दिवशी ‘किती पडले?’ हा प्रश्न आपण विचारणारच. तो विचारू नये असे म्हणणे ढोंग होईल. पण वर्षात बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस असतात. त्यांतल्या एखाद्या संध्याकाळी मुलाला म्हणावे, “पुस्तक मिट आणि आज काय शिकला ते मला सांग.” आपण फारसे शिकलेलो नाही, असा संकोच पुष्कळ आया करतात. खरे तर न शिकलेली आई ही फार चांगली परीक्षक असते. गाईडमधले जड शब्द तिच्यापुढे चालत नाहीत. “म्हणजे काय, मले नाही समजलं,” असे ती म्हणाली की मुलाला स्वतःचे शब्द शोधावे लागतात, आणि ते सापडले की समजावे, त्याला विषय कळला.

तो कदाचित चुकेल. त्याचे मत कच्चे असेल, भाषा मोडकीतोडकी असेल. गाईडमधले उत्तर त्याहून कितीतरी देखणे असते. पण चुकलेले का होईना, ते त्याचे स्वतःचे असेल, आणि जे स्वतःचे आहे तेच दुरुस्त करता येते. ‘माझ्या मते’ हे दोन शब्द मुलाने खरेपणाने लिहावेत, एवढा आग्रह आपण धरला तरी शिक्षकाचे ओझे थोडे हलके होईल. कारण शाळा शेवटी तेच देते, जे आपण तिच्याजवळ मागतो.